वाट बघा म्हणण्याची नोकरी

कागदावर मी प्रोजेक्ट असिस्टंट होते. प्रत्यक्षात माझी नोकरी लोकांना ‘नाही’ म्हणण्याची होती, आणि त्या ‘नाही’ला ‘अजून थोडी वाट बघा’ असं शेपूट जोडण्याची. मी मुळात फोनवर बोलायला घाबरणारी मुलगी. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तरी भावाच्या हातात फोन देते. पण लॅबमध्ये आम्ही दोघीच, मॅडम आणि मी, आणि मॅडम अनोळखी नंबर उचलत नसत. त्यामुळे फोन माझ्या टेबलावर आला.

लॅब नाशिकमधल्या एका मेडिकल कॉलेजच्या मागच्या बाजूला होती. खाली कँटीन, वर आम्ही. काम स्टेम सेलचं. हा शब्द ऐकला की काही लोकांना वाटतं आम्ही माणसं बनवतो आणि काहींना वाटतं आम्ही माणसं दुरुस्त करतो. खरं तर आम्ही दिवसभर पेशींना जेवू घालत होतो.

थोडं समजावून सांगते. शरीरातली पेशी एकदा कातडीची झाली की कातडीचीच राहते, हृदयाची झाली की हृदयाची. स्टेम सेल म्हणजे जिचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही अशी पेशी. आता एखाद्या माणसाची साधी पेशी घेऊन तिलाही मागे, त्या न ठरलेल्या अवस्थेत नेता येतं. ते नाजूक काम आमच्यासाठी पुण्याची एक लॅब करायची. तिथून आलेल्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या पेशी तयार करायच्या आणि त्यांच्यावर औषधं तपासून बघायची, हे आमचं काम. म्हणजे औषध चुकलं तर बशीतल्या पेशी मरतील, मूल नाही. आजार होता मुलग्यांना होणारा स्नायूंचा. त्यात मूल चालायला लागतं, पळतं, आणि मग शाळेत जायच्या वयात हळूहळू त्याचे पाय जातात, नंतर हात, शेवटी हृदय.

पेशी एका गुलाबी पाण्यात राहतात. ते पाणी रोज बदलावं लागतं. त्यांना रविवार कळत नाही, लक्ष्मीपूजन कळत नाही. एक दिवस चुकला तर रुसतात, दोन दिवस चुकला तर मरतात. पाडव्याला सकाळी मी स्कूटी काढली की आई म्हणायची, “तुझ्या त्या डब्यांना सासर-माहेर काही आहे की नाही?”

आणि फोन. कुठल्याशा बातमीत आमच्या लॅबचं नाव छापून आलं आणि फोन सुरू झाले. एक निवृत्त काका दर सोमवारी करायचे. “हे बघा, सेल माझे, गुडघा माझा. मध्ये सरकारचं काय जातं?” एका बाईंना मुलाच्या टकलावर इलाज हवा होता. लग्न मार्गशीर्षात होतं, तोवर केस येतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आम्ही केसांवर काम करत नाही.” त्या म्हणाल्या, “मग शिकलात कशाला एवढं?”

पण बरेच फोन हसण्यासारखे नव्हते. मूल बोलत नाही, मूल बसत नाही, वडील पडले आणि कमरेखाली काही राहिलं नाही. सगळ्यांना मी तेच सांगायचे. आपल्याकडे नियम आहे. रक्ताचे काही आजार सोडले, जिथे बोन मॅरो बदलतात, तर बाकी कशावरही स्टेम सेलचा इलाज म्हणून वापर करता येत नाही. करायचा तर परवानगी घेऊन, प्रयोग म्हणून, आणि त्या प्रयोगासाठी पेशंटकडून एक रुपया घेता येत नाही.

हा नियम मला मान्य आहे, हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल मी नियमावरच चिडले आहे. नियम बरोबर आहे. न ठरलेली पेशी नुसती टोचली तर तिचं काय होईल हे तिलाही माहीत नसतं. तिची गाठ होऊ शकते. आमच्या एथिक्स कमिटीने पालकांना द्यायचा मराठी कागद माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कमिटीवरचे एक निवृत्त न्यायाधीश म्हणायचे, “हे मराठी तुमच्या आजीला कळेल का?” मी लाजेने लाल व्हायचे, पण ते योग्यच विचारत होते.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमची लॅब रीतसर नोंदलेली होती, म्हणून तपासणीला माणसं आमच्याकडे यायची. फ्रीजचं तापमान बघायची, कचरा कुठे जातो ते बघायची. त्याच शहरात, रिक्षाने थोड्याच अंतरावर, एक क्लिनिक होतं. काचेचं दार, बाहेर आई-मुलाचा मोठा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्टेम सेल थेरपी’. तिथे टकलापासून लकव्यापर्यंत सगळ्याला इंजेक्शन मिळायचं, आणि भरपूर पैसे घेऊन मिळायचं. त्यांनी कुठे नोंदच केलेली नव्हती, म्हणून त्यांच्याकडे तपासणीला कोणी जात नसे. मी एकदा एका तपासणी अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, जे आमच्या यादीत नाहीत तिथे आम्ही कसे जाणार?” ते थट्टा करत नव्हते.

सार्थक आमच्याकडे आला तेव्हा दहा वर्षांचा होता. नाव खरं नाही, गावही थोडं इकडचं तिकडे केलं आहे. घोटीच्या बाजूचं कुटुंब. वडील नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे येणारी आईच असायची, सुनंदाताई, आणि सोबत तिचा भाऊ संपतमामा, जो घोटीत भाताच्या गिरणीवर होता आणि मुलाला पाठीवर घेऊन आमचे दोन जिने चढायचा. सार्थकला चालता येत होतं, पण जिना नाही. जमिनीवरून उठताना तो आधी हात गुडघ्यावर ठेवायचा, मग मांडीवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा.

पेशी मिळवण्यासाठी आम्ही मुलांना सुई लावत नसू. लघवीत थोड्या जिवंत पेशी असतात, त्या पुरतात. मी लाजत लाजत त्याला बाटली दिली आणि “थँक यू” म्हटलं. त्याने मामाकडे बघितलं. “मामा, शाळेच्या भिंतीला केलं तर मारत्यात, हितं थँक्यू म्हनत्यात.”

“गप ए,” मामा म्हणाला, “नायतर फी मागशील.”

तो पळू शकत नव्हता म्हणून वाडीच्या क्रिकेटमध्ये त्याला अंपायर केलं होतं, आणि त्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला होता. “मला जो सायकलवर शाळेत नेतो तो आऊटच होत नाय,” असं त्याने मला अगदी सहज सांगितलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला रोजची एक गोळी दिलेली होती. स्टेरॉइड. या आजारात आज तरी आपल्या हातात असलेल्या गोष्टींपैकी ही एक खरी आहे. आजार बरा होत नाही, पण चालणं जास्त दिवस टिकतं. गोळीने तोंड फुगतं, भूक लागते, अंग भरतं. सुनंदाताईंना शेजारणी म्हणायच्या, पोराला कसली विषाची गोळी चारतेस. त्या मला दर वेळी विचारायच्या, “ताई, बंद करू का वो?” मी म्हणायचे, “नका करू. आणि एकदम तर कधीच नाही, त्याने जिवाला धोका होतो.” मला डॉक्टरकी येत नाही. पण एवढं मला नक्की माहीत होतं.

आमच्या लॅबची एक पद्धत होती. ज्या मुलाच्या पेशी, त्याच्या घरच्यांना त्या एकदा दाखवायच्या. मॅडमचा आग्रह होता. त्या म्हणायच्या, लोक आपल्याला स्वतःच्या शरीराचा भाग देतात आणि आपण त्यांना पावतीसुद्धा देत नाही. मला तेव्हा ही पद्धत फार सुंदर वाटायची. सार्थकच्या पेशी पुण्याहून आल्या, मी वाढवल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी झाल्या. हृदयाच्या पेशी बशीत आपणहून धडधडायला लागतात. कोणी सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी जाऊन जेवले नव्हते.

सुनंदाताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“हालतंय की!”

“हो. या सार्थकच्याच पेशी आहेत.”

“किती जोरात हालतंय.” मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, “मंग हे आता त्याच्यात कधी घालनार?”

मी सांगितलं. घालणार नाही. हे औषध नाही, हे औषध तपासायचं साधन आहे. शिवाय या पेशींमध्येही तोच आजार आहे. मी हे सगळं माझ्या त्या कमिटीने पास केलेल्या मराठीत नीट सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण ज्या बाईला सगळे सांगत आले आहेत की मुलाचं हृदय एक दिवस थकणार, तिने त्याचं हृदय आमच्या बशीत धडधडताना पाहिलं होतं. माझ्या वाक्यांचा काय टिकाव लागणार? त्यानंतर फोनवर त्या मुलाआधी पेशींची चौकशी करायच्या. “बरे हायेत ना? पाणी बदलता ना?” हॉस्टेलला ठेवलेल्या मुलाची करावी तशी.

मग पैसे थांबले. यात नाट्य काही नव्हतं. प्रोजेक्ट ठरलेल्या वर्षांचा होता. शेवटचा हप्ता उशिरा आला, मुदतवाढीचा अर्ज गेला, आणि उत्तर आलं की विषय महत्त्वाचा आहे पण सध्याच्या प्राधान्यात बसत नाही. मॅडमनी काही महिने नायट्रोजनची टाकी स्वतःच्या पगारातून भरली. गोठवलेल्या पेशी त्या टाकीत असतात. टाकी रिकामी झाली की संपलं. कॉलेजला त्या खोलीत सिम्युलेशन सेंटर करायचं होतं, म्हणजे रबराच्या माणसांवर सराव. रबराच्या माणसांना पैसे होते.

मला सर्वात जास्त चीड कशाची येते सांगते. संशोधनावर बंधनं असावीत की नसावीत यावर टीव्हीवर भांडणं होतात. एक बाजू म्हणते माणूस मरतोय, नियम कशाला. दुसरी म्हणते सावध राहा. मी दुसरीकडे आहे. पण नुसतं सावध राहा म्हणणं म्हणजे नदीकाठी ‘पुढे पूल नाही’ अशी पाटी लावायची आणि पूल बांधायला मात्र कोणाला दगड द्यायचा नाही. लोकांना पलीकडे जायचंच असतं. मग फुटक्या होडीवाल्याचं फावतं, आणि पाटी लावणारा म्हणतो, आम्ही तर सांगितलं होतं.

मॅडमनी सगळ्या घरांना कळवलं की लॅब बंद होते आहे आणि नियमाप्रमाणे पेशी नष्ट केल्या जातील. तिसऱ्या दिवशी सुनंदाताई, मामा आणि सार्थक हजर. मॅडम मुंबईला गेल्या होत्या, पुन्हा एका ऑफिसात कोणाच्या तरी पाया पडायला. मी एकटीच.

मामा धापा टाकतच बोलला. “मॅडम, ते पोराचं सेल आमाला द्या.”

“कशासाठी?”

त्याने त्या क्लिनिकचं नाव घेतलं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, मुलाचे स्वतःचे सेल तयार असतील तर फारच उत्तम, घेऊन या, पाठीच्या मणक्यातून देऊ.

मी म्हटलं, “मामा, ते टोचण्यासाठी नाहीत. त्याने आत गाठ होऊ शकते. मूल जाऊ शकतं.”

“त्ये डॉक्टर हायेत. तुमी डॉक्टर हाय का?”

“नाही.”

“मंग?”

“तरीही देता येणार नाही.”

“बरं. नाय देनार. मंग काय करनार त्याचं?”

मी टेबलावरचं रजिस्टर मिटलं.

“चिठ्ठीत लिव्हलंय ना, नष्ट करनार. म्हंजे टाकून देनार. गटारात टाकाल, पन ज्याचं हाय त्याला नाय देनार!” तो सुनंदाताईंकडे वळला. “बघ अक्का, ही शिकलेली मानसं. आपल्या पोराचं काळीज हितं वाढवलं, आता म्हनं फेकायचं.”

मी आजपर्यंत खूप उत्तरं शोधली. घरी आरशासमोर म्हणून पाहिली, इंग्रजीत, मराठीत. मामाच्या त्या वाक्याला उत्तर नाही. न देणं बरोबर होतं. फेकणं नियमात बसत होतं. आणि दोन्ही मिळून जे होत होतं ते घाणेरडं होतं.

सार्थक बाकावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, “मला कोनी इचारा ना. मनक्यात सुई लय दुखती का?”

“तू गप,” मामा म्हणाला.

“अंपायर मी हाय,” सार्थक म्हणाला. कोणी हसलं नाही.

जाताना सुनंदाताई दारात थांबल्या. रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “रविवारी घोटीला शिबिर हाय त्यांचं. तुमी या ना ताई. तुमी ऐका आनि मला सांगा, खरं का खोटं. मी तुमचं ऐकते.”

त्या आठवड्यात मी पेशी मारल्या. ब्लीच टाकायचं असतं, आपण फरशीला वापरतो तसंच. धडधड लगेच थांबते. यापेक्षा जास्त त्यावर लिहिणार नाही.

रविवारी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून बस धरून घोटीला गेले. आयुष्यात कधी चार लोकांसमोर प्रश्न विचारला नव्हता. कॉलेजच्या व्हायव्हाला माझा आवाज परीक्षकांपर्यंत पोचत नसे. एक मंगल कार्यालय, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत मुलं, बहुतेक आयांच्या मांडीवर, जी मांडीवर बसायच्या वयाची नव्हती. पडद्यावर व्हिडिओ. एक मूल आधी पडतं, नंतर चालतं. मी तो नीट पाहिला. आधीच्या भागात मूल अनवाणी, गुळगुळीत फरशीवर, एकटं. नंतरच्या भागात बूट, जाजम, आणि चौकटीच्या कडेला कोणाची तरी बोटं, ज्यांना मुलाने धरलेलं होतं. आजूबाजूला टाळ्या पडत होत्या. बोटं कोणाला दिसली नाहीत, कारण कोणाला बोटं बघायचीच नव्हती.

डॉक्टर छान बोलत होते. स्वच्छ मराठी, माझ्याहून कितीतरी चांगलं. शेवटी ते म्हणाले, “आणि ती स्टेरॉइडची गोळी. आमचे उपचार सुरू झाले की ती आम्ही पहिल्या दिवशी बंद करतो. विष आहे ते.” शेजारच्या आयांनी माना हलवल्या. मी उभी राहिले.

“सर, याला परवानगी आहे का? प्रयोग असेल तर पैसे का घेता? आणि गोळी एकदम बंद केली तर धोका असतो, हे तुम्ही सांगत का नाही?”

डॉक्टर हसले, अगदी प्रेमाने. “आपण डॉक्टर आहात?”

“नाही. मी स्टेम सेलच्या लॅबमध्ये काम करत होते.”

“करत होता? आता?”

“लॅब बंद झाली.”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. डॉक्टरांनी माईक जवळ घेतला. “बघा, ताईंचा हेतू चांगला आहे. ही मंडळी संशोधन पूर्ण व्हायची वाट बघतात. बघू दे. पण आई वाट बघू शकते का?”

टाळ्या. मी अजून उभीच. मागून संपतमामाचा आवाज आला, “बसा खाली, मॅडम. लॅब सांभाळता येईना, आन् हितं शिकवायला आल्या!” या वेळी सगळा हॉल हसला, आणि पुढच्या रांगेतली काही मुलंही हसली, आया हसतात म्हणून.

मी बाहेर आले. कार्यालयाच्या मागे आचाऱ्यांच्या चुली होत्या, तिथे उभी राहिले. सुनंदाताई मागोमाग आल्या. पदराला हात पुसत होत्या, काही लागलेलं नसताना.

“खोटं हाय म्हनता?”

“खोटं आहे.”

“तुमची लॅब परत सुरू व्हनार?”

“माहीत नाही.”

“दुसरीकडं कुठं?”

“परदेशात काम चालू आहे. आपल्याकडेही दोन-तीन ठिकाणी. वेळ लागेल.”

“सार्थकला पुरंल येवढा येळ?”

मी चुलीतली राख चपलेने सारली.

“मंग ताई, रागावू नका. तुमच्याकडं खरं हाय, पन तुमच्याकडं काय बी नाय. त्यांच्याकडं खोटं असंल, पन कायतरी हाय. मी घरी जाऊन पोराला काय सांगू? खरं सांगायचं म्हनून बसून ऱ्हायलो?”

मला त्यांचे खांदे धरून हलवावेसे वाटले. त्यांचे नाही, आतल्या माणसाचे. त्याचेही नाही, ज्याच्या यादीत तो माणूस नव्हता त्याचे, ज्याच्या प्राधान्यात सार्थक बसला नाही त्याचे. पण चुलीजवळ फक्त सुनंदाताई होत्या. मी त्यांचा हात धरला. मी कोणाचा हात धरत नाही.

“इंजेक्शन द्यायचंच ठरवलं असेल तर मी अडवू शकत नाही,” मी म्हटलं. “पण एक ऐका. गोळी बंद करू नका. ते काहीही म्हणाले तरी. एक दिवस नाही. माझ्यावर बाकी कशाचाही विश्वास ठेवू नका, एवढ्याचा ठेवा.”

मग आतून मामाची हाक आली आणि त्या गेल्या. हो म्हणाल्या नाहीत.

मी आता अंबडच्या एका कंपनीत पाण्याचे नमुने तपासते. काम वाईट नाही. रविवारी सुट्टी असते. इथे कोणी फोन करून काही मागत नाही. मॅडम रबराच्या माणसांच्या खोलीशेजारी बसून अजून अर्ज लिहितात, आणि मी शनिवारी त्यांना तक्ते करून देते. क्लिनिकबद्दल आम्ही दोघींनी तक्रार पाठवली आहे. पोचल्याचं कळलं आहे.

मागच्या महिन्यात सुनंदाताईंचा व्हॉट्सअ‍ॅप आला. नुसता व्हिडिओ. क्लिनिकचा. वर त्यांचं चिन्ह, मागे बासरी. सार्थक चालतोय. तोंड गोल, पोट थोडं पुढे, टाचा उचललेल्या, पण चालतोय, स्वतःच्या पायावर, आणि या वेळी चौकटीच्या कडेला कोणाची बोटं नव्हती. खाली अक्षरं आली: स्टेम सेल थेरपीनंतर आठ महिने. मग आणखी एक ओळ: आजच संपर्क करा.

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्याचं फुगलेलं तोंड पाहिलं. मला कळलं होतं, तरी मी विचारलं. टाइप करायला मला खूप वेळ लागला, मोठा मेसेज लिहिला, खोडला, आणि शेवटी एवढंच पाठवलं: “गोळी चालू आहे ना?”

उत्तर लगेच आलं, आवाजात. मागे गिरणीचा खडखडाट.

“चालू हाय ताई. येक दिवस चुकवली नाय. चपातीत गुंडाळून देते, मामाला बी म्हाईत नाय. पन तुमी कोनाला बोलू नका हां. डाक्टरला वाटतंय सुईनंच चालतोय त्यो. कळलं तर रागावतील, पुढची सुई देनार नाय.”

तो व्हिडिओ आता गावोगाव फिरतो आहे. तो पाहून कोणीतरी आई उद्या इंजेक्शनची सोय करेल आणि पहिल्या दिवशी गोळी बंद करेल, आणि तिला चुलीमागे गाठणारं कोणी नसेल.

त्या डॉक्टरांना मी काही कळवलेलं नाही. तुम्हाला कळवते आहे.